पेन्सिल आणि सुरी

फोटो काढतो कॅमेरा. पण फोटो घडतो तो नंतर, हे फोटोच्या धंद्यातले फार जुने सत्य आहे. गिऱ्हाईक खुर्चीवरून उठून घरी गेले, की मग स्टुडिओतले खरे काम सुरू होई. आज घरातली शाळकरी मुलगी हातातल्या फोनवर बोट फिरवून आपला चेहरा उजळते, पाठीमागचा विजेचा खांब पुसून टाकते, आणि शेजारी बसलेली आजी म्हणते, “आमच्या वेळी नव्हती बाई असली सोंगं!” आजीच्या म्हणण्यात माया आहे, पण इतिहास नाही. तिच्या लग्नाचा जो फोटो भिंतीवर लावलेला आहे, त्याच्या निगेटिव्हवरही बहुधा कुणाची तरी पेन्सिल फिरलेली असते. गालावरचा देवीचा वण त्या पेन्सिलीने बुजवलेला असतो, आजोबांच्या कपाळावरची आठी हलकी केलेली असते, आणि फोटो घरी आला तेव्हा सगळे म्हणालेले असतात, “काय हुबेहूब आलाय!”

या पेन्सिलीची, आणि तिच्या जोडीने चालणाऱ्या सुरीची, हकीगत या दिवाळीत वाचकांना सांगावी असा विचार आहे. ती सांगताना पॅरिस, म्युनिक, मॉस्को असे हिंडावे लागेल. परंतु मुक्काम मात्र आपण नगर जिल्ह्यात ठेवू. २०२४ साली ज्याचे नाव अहिल्यानगर झाले, त्याच या जिल्ह्यात. तिथेच मुक्काम का, ते पुढे कळून येईल.

* * *

१८३९ सालच्या ऑगस्ट महिन्यात पॅरिसमध्ये दागेर या गृहस्थाची छायाचित्र घेण्याची कृती जगापुढे ठेवण्यात आली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर ते चित्र उमटे. त्याची दुसरी प्रत निघत नसे, आणि त्यावर बोट लागले तरी ते बिघडे. अशा चित्रावर कारागिरी ती काय करणार? फार तर गालावर गुलाबी रंगाची पूड कुंचल्याने अलगद बसवावी, एवढेच. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने काचेवर कलोडियनचा लेप देऊन निगेटिव्ह घेण्याची रीत काढली, आणि सारा प्रकारच पालटला. आता हाताशी एक काच आली. तिच्यावरून हव्या तितक्या प्रती कागदावर छापता येऊ लागल्या. आणि एकदा काचेवर काही दुरुस्ती केली, की ती प्रत्येक प्रतीत आपोआप उतरू लागली.

आपल्याकडे ही विद्या यायला उशीर लागला नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली; हिंदुस्थानातली ती पहिलीच. कलकत्ता आणि मद्रास येथे तशा सोसायट्या निघाल्या त्या १८५६ मध्ये. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी मुंबईच्या सोसायटीत लक्ष घातले होते, आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर स्वतः उत्तम फोटो काढीत. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्गच निघाला. त्या वर्गातून बाहेर पडलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत धंदा थाटून नाव मिळवले.

मात्र या काचेला एक खोड होती. तिला निळा रंग तेवढा दिसे. तांबड्या-पिवळ्याच्या बाबतीत ती जवळजवळ आंधळी होती. त्यामुळे निरभ्र आकाश कागदावर कोरे पांढरे येई, आणि कपाळावरचे लालभडक कुंकू काळ्या टिक्यासारखे दिसे. गव्हाळ वर्ण होता त्याहून सावळा पडे. उन्हाने रापलेली कातडी, मुरमांचे आणि देवीचे डाग हे तर डोळ्यांना दिसत त्याहून अधिक ठळक होऊन बाहेर येत. म्हणजे कॅमेरा खोटे बोलत नाही, ही म्हण त्याच्या जन्मापासूनच अर्धी खरी होती. बिचारा मुद्दाम खोटे बोलत नसे, पण त्याला सगळे रंग दिसतच नव्हते. तेव्हा फोटोवर पहिली पेन्सिल फिरली ती नुसते माणसाला नटवण्यासाठी नव्हे. काचेचा आंधळेपणा झाकणे हाही तिचा हेतू होता. सगळे रंग ओळखणाऱ्या काचा बाजारात आल्या त्या पुढे १९०६ च्या सुमारास. परंतु तोवर पेन्सिलीची सवय गिऱ्हाइकालाही लागली होती आणि फोटोवाल्यालाही.

ही सवय लावण्याचे श्रेय बहुतेक इतिहासकार म्युनिकच्या फ्रांझ हान्फ्स्टेंगल याला देतात. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने एकाच माणसाचे दोन फोटो शेजारी शेजारी लावले. एक जसा निघाला तसा, आणि दुसरा निगेटिव्हवर हात फिरवलेला. पाहणाऱ्यांची गर्दी उसळली. त्यानंतर पहिल्या प्रकारचा फोटो पैसे देऊन कोण घेणार?

* * *

आपल्याकडे या कामाला स्टुडिओवाले ‘टचिंग’ म्हणत. एक उतरते लाकडी मेज असे. त्याच्या मधोमध दुधी काच बसवलेली आणि खाली आरसा ठेवलेला, म्हणजे खिडकीचा उजेड खालून वर येई. त्यावर निगेटिव्ह ठेवायची. काच गुळगुळीत; तिच्यावर पेन्सिल चालावी म्हणून राळ आणि टर्पेंटाइन यांचे एक पातळ रोगण तिला चोळायचे. मग सुईसारखे टोक काढलेली कडक पेन्सिल घेऊन बारीक ठिपके, स्वल्पविराम आणि वेलांट्या काढीत बसायचे. निगेटिव्हवर सारेच उलटे असते. सुरकुतीची काळी रेघ तिथे पांढरी, म्हणजे पारदर्शक दिसते. ती शिशाने भरली, की कागदावरची सुरकुती नाहीशी होते. दिवसाला इतके चेहरे तरुण करणारा हा माणूस स्वतः मात्र डोळ्यांवर ताण देऊन देऊन लवकर म्हातारा होत असे.

पेन्सिलीने जे साधत नसे, ते सुरीने साधावे लागे. काळोख्या पडद्यापुढे पांढरा अंगरखा घालून बसलेल्या शेठजींचे पोट कमी करायचे, तर निगेटिव्हवरचा तेवढा थर पात्याने खरवडून काढायचा. तो भाग कागदावर काळा येतो आणि पडद्यात मिसळून जातो. इथे एक भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पेन्सिलीचे काम टर्पेंटाइनने पुसता येते आणि खालची मूळ काच जशीच्या तशी राहते. सुरीने गेलेले मात्र परत येत नाही. या लेखाचा सारा विषय, खरे पाहता, या एवढ्या भेदात सामावलेला आहे.

जगात या कारागिरीला पुढे बरेच पाय फुटले. १८५७ साली ऑस्कर रेलँडर याने तीसएक निगेटिव्ह जोडून नीती-अनीतीचा एक भव्य देखावा तयार केला. तो पाहून काही लोक संतापले. व्हिक्टोरिया राणीने मात्र त्याची प्रत विकत घेतली. दुसऱ्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन याने पाच काचा जोडून मृत्युशय्येवरची एक तरुणी आणि तिच्या भोवतीचे आप्त दाखवले. एवढे खाजगी दुःख कुणी कॅमेऱ्यात कसे टिपले, म्हणून पाहणाऱ्यांना धक्का बसला. आणि ते टिपलेले नसून जुळवलेले आहे असे समजल्यावर दुसरा धक्का बसला.

आपल्या घराघरांत या जोडणीने वेगळेच रूप घेतले. नवरा-बायकोचा एकत्र फोटो कधी निघालाच नाही आणि दोघांतले एक गेले, असे कितीतरी घरांत घडे. मग त्याचा जत्रेत काढलेला फोटो आणि तिचा कुठल्याशा समूहात उभी असलेला फोटो घेऊन मुलगा स्टुडिओत जाई. फोटोवाला दोन्ही चेहरे सारखे मोठे करी, शेजारी शेजारी बसवी, खांदे आणि पदर कुंचल्याने पुरे करी, आणि हयातीत जे घडले नाही ते चौकटीत घडवून देई. हे खोटे होते काय? कोर्टात विचाराल तर होय. पण ज्याने ती तसबीर भिंतीवर लावली, त्याने आपल्या आईबापांविषयी एकही खोटी गोष्ट सांगितली नव्हती. ते दोघे एकमेकांचे होते, एवढेच त्याला म्हणायचे होते, आणि ते खरेच होते. आजही कितीतरी खेड्यांतून आजोबांचा म्हणून हार घातलेला फोटो मतदार ओळखपत्रावरून किंवा आधार कार्डावरून मोठा केलेला असतो. मळक्या सदऱ्याच्या जागी कोट येतो, मागे निळे आकाश येते. जन्मभर शेतात राबलेल्या माणसाला मेल्यावर तरी कोट मिळतो, म्हणून हसू नये.

ज्या दिवाळी अंकांच्या परंपरेत आपण हा लेख वाचत आहोत, तिचेही या कारागिरीशी नाते आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून अंक म्हटला की चित्रे आलीच, आणि फोटो छापायचा तर त्याचा ठिपक्याठिपक्यांचा ब्लॉक करावा लागे. ठिपक्यांत बारकावे हरवतात, म्हणून ब्लॉक होण्याआधीच फोटोवर पांढऱ्या-काळ्या रंगाचा हात फिरवून नाकडोळे ठसठशीत करण्याचा रिवाज पडला. दादासाहेब फाळके हे याच विद्येतून वर आलेले. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या या माणसाने बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले, गोध्र्याला फोटोचा धंदा करून पाहिला, मग लोणावळ्याला ब्लॉक आणि छपाईचा कारखाना काढला, आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. फोटो निघाल्यानंतरही त्याचे पुष्कळ काही करता येते, हे ज्याला हातांनी ठाऊक होते, त्यालाच चित्रपट सुचला यात नवल नाही.

* * *

आता नगर जिल्ह्यात येऊ. या एका जिल्ह्याने तीन अशा व्यक्ती पाहिल्या, की ज्यांच्या तसबिरी लाखो घरांत आहेत. आणि त्या तिघांच्या तसबिरींची कथा तीन तऱ्हांची आहे.

पहिल्या अहिल्याबाई होळकर. जामखेड तालुक्यातल्या चौंडी गावी १७२५ साली त्यांचा जन्म झाला आणि १७९५ मध्ये त्यांनी देह ठेवला. दागेरची कृती जाहीर होण्यापूर्वी चव्वेचाळीस वर्षे. ज्या जिल्ह्याला आज त्यांचे नाव आहे, त्या जिल्ह्यातल्या शाळाशाळांतून, कचेऱ्याकचेऱ्यांतून दिसणारी हातात शिवलिंग घेतलेली त्यांची मूर्ती सर्वस्वी चित्रकारांची आहे. तिथे कुणी काही ‘बदलले’ असे म्हणताच येत नाही. कारण कॅमेऱ्याने टिपलेले मूळच नाही. चित्राने त्यांचे नाक कसे होते हे सांगितले नाही, त्यांचे काम कसे होते हे सांगितले. आपणही ते चित्र याच समजुतीने पाहतो.

तिसऱ्या टोकाला मेहेरबाबा. १८९४ साली पुण्यात जन्मलेले हे सत्पुरुष १९२३ पासून नगरजवळच्या अरणगावात येऊन राहू लागले, आणि त्या जागेचे मेहेराबाद झाले. १० जुलै १९२५ पासून त्यांनी मौन धरले ते ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवीपर्यंत. जो माणूस बोलत नाही, त्याचा चेहरा आणि हात हीच त्याची वाणी. आणि काळही असा, की कॅमेरे स्वस्त आणि चटपटीत झालेले. त्यामुळे त्यांचे फोटो विपुल आहेत, चालते-हलते चित्रणही आहे. १९३२ मध्ये पाश्चात्त्य देशांच्या दौऱ्यात पॅरामाउंट कंपनीने त्यांचे बातमीपट चित्रित केले. कुणी एखाद्या फोटोला कितीही रंग दिला, तरी त्याशेजारी ठेवून पाहायला दुसरे शेकडो फोटो आहेत. इथे पेन्सिल फार नुकसान करू शकत नाही.

या दोहोंच्या मध्ये शिर्डी. खरी हकीगत तिथली आहे.

साईबाबांनी १५ ऑक्टोबर १९१८ ला, विजयादशमीच्या दिवशी, देह ठेवला. म्हणजे त्यांच्या हयातीत कॅमेरा होता. दौंड–मनमाड रेल्वे १८७८ साली सुरू झाली होती. मुंबईची भक्तमंडळी आगगाडीने कोपरगावी उतरून, गोदावरी ओलांडून, टांग्याने शिर्डीला येत. तरीसुद्धा बाबांची अस्सल म्हणून मानली जाणारी छायाचित्रे बोटांवर मोजावीत इतकीच आहेत. भागोजी शिंद्यांनी डोक्यावर छत्री धरली आहे आणि बाबा भक्तांसह चालले आहेत, असे एक. शिळेवर पायावर पाय टाकून बसले आहेत, असे दुसरे. काळी-पांढरी, कुठे धूसर, कुठे डोळ्यांच्या जागी नुसती सावली.

आणि या मूठभर काचांनी केवढे काम करायचे होते! नगर जिल्ह्यातल्याच अकोळनेरला १८६८ साली जन्मलेले दासगणू कीर्तनाला उभे राहत तेव्हा बाबांची तसबीर जवळ ठेवीत, असे सांगतात. त्यांच्या कीर्तनांनी ती छबी कोकणपट्टीत आणि मुंबईत गेली. गोविंद रघुनाथ दाभोलकर ऊर्फ हेमाडपंत यांच्या १९३० साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्रीसाईसच्चरिता’त १९१७ सालच्या होळीची कथा आहे. बाबा स्वप्नात येऊन जेवायला येतो म्हणाले. वांद्र्याच्या घरी पाने वाढून झाली, आणि तेवढ्यात दोन मुसलमान गृहस्थ बाबांची छबी घेऊन दारात उभे राहिले. ती छबीच पाहुण्याच्या पाटावर बसवण्यात आली. भक्ताला छबी आणि व्यक्ती यांत अंतर वाटत नव्हते. मग ती छबी धूसर कशी चालेल? डोळ्यांच्या जागी सावली कशी चालेल? देवाने आपल्याकडे पाहिले पाहिजे!

म्हणून हात फिरू लागला. चित्रकार श्यामराव जयकर यांनी बाबांना प्रत्यक्ष पाहून त्यांचे चित्र रंगवले. द्वारकामाईत दिसणारे चित्र त्यांच्याच हातचे. समाधीमंदिरात १९५४ पर्यंत मूर्ती नव्हती, पूजा तसबिरीचीच होई. त्या वर्षी ७ ऑक्टोबरला, विजयादशमीच्या मुहूर्तावर, शिल्पकार बाळाजी वसंत तालीम यांनी घडवलेली संगमरवरी मूर्ती बसवण्यात आली. तालीम यांच्यापुढे आधाराला काळे-पांढरे छायाचित्र होते. कागदावरच्या सपाट चेहऱ्याला मागची बाजू नसते, कानामागचा उतार नसतो, पाठीचा बाक नसतो. तो सारा या थोर कारागिराने आपल्या बुद्धीने आणि भक्तीने पुरा केला. १९५५ साली कुमारसेन समर्थ यांचा ‘शिर्डीचे साईबाबा’ हा मराठी चित्रपट आला, आणि १९७७ साली सुधीर दळवी यांनी हिंदी चित्रपटात बाबांची भूमिका इतकी मनापासून केली, की कित्येकांच्या डोळ्यांपुढे बाबा म्हटल्यावर दळवींचाच चेहरा उभा राहू लागला. पुढे मूर्तीचे रंगीत फोटो निघाले. त्या फोटोंवरून कॅलेंडरे निघाली. कॅलेंडरांवरून गाडीत लावायची चित्रे, आणि त्यांवरून मोबाइलच्या पडद्यावरची.

म्हणजे क्रम असा लागला : माणूस, काच, काचेवरचा हात, चित्र, मूर्ती, मूर्तीचा फोटो, आणि त्या फोटोवर पुन्हा हात. फोटो काढल्यानंतर त्यावर जे जे करता येते, ते ते एका चेहऱ्यावर शंभर वर्षे सावकाश होत राहिले, आणि ते सारे प्रेमाने झाले. यात कुणाला दोष देण्याचे कारण नाही. मात्र आज एक नवा प्रकार निघाला आहे. ‘बाबांचा दुर्मिळ मूळ रंगीत फोटो’ म्हणून चित्रे फोनाफोनांतून फिरतात. त्या काळात शिर्डीत निघालेल्या काचा काळ्या-पांढऱ्या होत्या. काळ्या-पांढऱ्या काचेत कफनीचा रंग नसतो. तांबडे आणि हिरवे, दोन्ही तिथे एकाच करड्या छटेत उतरू शकतात. त्या छटेवरून मूळ रंग परत मिळवण्याची युक्ती कुणापाशी नाही. यंत्र इतर लाखो चित्रे पाहून अंदाज करते, इतकेच. चित्रकाराने भगवी कफनी काढली तर तो आपली भक्ती सांगतो. यंत्राने भगवी केलेली कफनी ‘मूळ’ म्हणून फिरते तेव्हा ती साक्ष असल्याचा आव आणते. जयकरांच्या चित्राने आणि तालीमांच्या मूर्तीने असा आव कधी आणला नव्हता.

* * *

आता यंत्राकडे वळू. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श या संशोधकाने आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो यंत्राला वाचायला दिला. यंत्राने त्याचे १७६ गुणिले १७६, म्हणजे ३०,९७६ चौकोन केले आणि प्रत्येक चौकोन काळा की पांढरा एवढे नोंदवले. संगणकात गेलेले हे पहिले छायाचित्र बापाने हौसेने दिलेल्या लेकराचे होते, ही गोष्ट कुटुंबवत्सल वाचकांना नक्कीच आवडेल. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन याने फिल्मशिवाय चालणारा कॅमेरा जुळवला. एक चित्र टिपून कॅसेटवर उतरवायला त्याला तेवीस सेकंद लागत. ज्या कोडॅकमध्ये हा शोध लागला, तीच कंपनी २०१२ साली दिवाळखोरीत गेली. काळाची गंमत ती हीच.

फोटो आकड्यांत गेला, आणि पेन्सिल व सुरी यांतला जुना भेद पुसट झाला. १९८२ च्या फेब्रुवारीत ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाने उभ्या मुखपृष्ठावर बसावेत म्हणून इजिप्तचे पिरॅमिड संगणकाने एकमेकांजवळ सरकवले, आणि जगभर ओरड झाली. हजारो वर्षे जे हलले नाहीत, ते एका संपादकाने हलवले! १९८७ साली टॉमस नोल या विद्यार्थ्याने आपल्या भावाच्या मदतीने एक आज्ञावली लिहायला घेतली. १९९० च्या फेब्रुवारीत अडोबी कंपनीने ती ‘फोटोशॉप’ या नावाने बाजारात आणली. तिच्यात काही भाग गडद करण्याचे जे हत्यार आहे, त्याची खूण म्हणून अर्धवट मिटलेल्या हाताचे चित्र आहे. अंधाऱ्या खोलीत फोटोवाला एन्लार्जरखाली जसा हात आडवा धरून उजेड अडवी, तोच हा हात. कारागीर गेला, पण त्याचा हात मागे राहिला.

अमेरिकेचे थोर निसर्गछायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स निगेटिव्हला संगीताच्या लिपीची आणि छापलेल्या फोटोला प्रत्यक्ष वादनाची उपमा देत. आपल्या भाषेत म्हणायचे, तर निगेटिव्ह म्हणजे बंदिश, फोटो म्हणजे मैफल. बंदिशीतला सूर खुलवणे हे गवयाचे कामच आहे. छाया थोडी उजळली, आकाश थोडे गडद केले, तर त्यात लबाडी नाही. पण बंदिशीतले शब्दच गाळले तर?

ते गाळणारेही होऊन गेले. रशियात १९३७ साली स्टालिनबरोबर कालव्याच्या काठाने चालणारा येझोव्ह हा गुप्त पोलिसांचा प्रमुख १९४० मध्ये मारला गेला. मग फोटोतूनही गेला. त्याच्या जागी पाणी आले. ही सुरी. तिथे संगणक नव्हता, फोटोशॉप नव्हते. होती फक्त मूळ नाहीसे करण्याची सत्ता. साधन जुने की नवे, हा प्रश्न म्हणूनच दुय्यम आहे.

आपल्या गावोगावी संगणकाने काय केले, ते चौकात उभे राहिले की दिसते. लग्नाचा अल्बम ‘करिझ्मा’ झाला; ज्यांनी कधी मनमाडच्या पलीकडे पाऊल टाकले नाही, ती नवरानवरी स्वित्झर्लंडच्या बर्फात हसू लागली. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मधोमध उत्सवमूर्ती, वर नेत्यांची रांग, खाली शुभेच्छुकांचे पन्नास चेहरे. सगळे एकाच दिशेने उजळलेले, सगळे गोरे. फ्लेक्स बनवणारा पोरगा त्याच जुन्या टचिंगवाल्याचा वारस आहे. तोही कुणाची आठी घालवतो, कुणाला कोट चढवतो, आणि कधी एकत्र न बसलेल्या माणसांना शेजारी बसवतो. फरक इतकाच, की जुन्या तसबिरीत मुलगा आईबापांना एकत्र आणी. इथे कार्यकर्ता स्वतःला साहेबांशेजारी आणतो.

हे सारे हसण्यावारी नेता येईल. परंतु फोटो हा केवळ शोभेचा राहिलेला नाही, हे विसरून चालणार नाही. पीक बुडाल्याचा फोटो, बांध फोडल्याचा फोटो, अपघाताचा फोटो, यांवर माणसांची भरपाई आणि अब्रू अवलंबून असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र मागितले आहे, आणि त्यात फाइलची ‘हॅश’ किंमत नोंदवायची असते. हॅश म्हणजे लाखेच्या सीलसारखा एक लांबलचक आकडा. फोटोतला एक ठिपका जरी बदलला, तरी तो आकडा पार बदलून जातो. म्हणजे उजेड वाढवून सुंदर केलेला फोटो भिंतीवर शोभेल. पण पुराव्याला तो अडचणीचा ठरायचा. तिथे जसा निघाला तसाच हवा.

यावरून सामान्य कुटुंबाने काय घ्यावे? माझ्या मते इतकेच, की हात फिरवायला भ्यायचे नाही, आणि मूळ कधी गमवायचे नाही. फोनवर हवा तो रंग द्यावा, पण मूळ फोटो वेगळा राखून मग द्यावा. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत ही मूळ समजू नये. पाठवताना ती आकसते आणि केव्हा, कुठे काढली याची नोंदही गळून पडते. आजोबांच्या जुन्या फोटोला संगणकाने रंग भरून घेतला, तर जुना काळा-पांढरा कागद रद्दीत टाकू नये. नव्याच्या पाठीवर ‘रंग अमुक साली भरले’ असे एका ओळीत लिहावे. आणि फोटोत कोण कोण आहे ती नावे, ती सांगणारी माणसे आहेत तोवर, आजच लिहून ठेवावीत. रंग यंत्र भरील. नावे कुठलेही यंत्र सांगणार नाही.

शिर्डीच्या त्या मूठभर काचांचे एक मोठे भाग्य असे, की त्यांच्यावर चित्रे झाली, मूर्ती झाली, चित्रपट झाले, तरी धूसर का होईना, मूळ छबीही लोकांनी जपली. म्हणूनच आज कुणीही जुने छायाचित्र आणि नवे कॅलेंडर शेजारी ठेवून पाहू शकतो, आणि मधल्या शंभर वर्षांत किती जणांनी किती मायेने हात फिरवला, हे त्याला उमगते. मूळ उरले, म्हणून ती माया दिसते. मूळ गेले असते, तर उरला असता तो नुसता रंग.